बोलीचं भाषांतर मॉडेल करताय? टेस्टची गावं आधी वेगळी काढा

आपल्या खानापूर-बेळगाव भागातली बोली कन्नडमध्ये भाषांतर करायला मॉडेल बनवताय तर लई चांगलं काम आहे, फक्त सगळी वाक्यं शफल करून त्यातली दहा टक्के टेस्टला (मॉडेल तपासायला) काढू नका. एकाच आजीनं सुगीची गोष्ट सांगितली असेल तर तिचं चौथं वाक्य ट्रेनिंगमध्ये (मॉडेल शिकवायला) जातं आणि पाचवं टेस्टमध्ये, मग स्कोअर फुगतो आणि दुसऱ्या गावच्या माणसापुढं मॉडेल गडबडतं. शीटमध्ये प्रत्येक वाक्यापुढं गाव, बोलणाऱ्याचा नंबर (नाव नको) आणि रेकॉर्डिंग असे कॉलम ठेवा आणि एकदोन गावं पूर्णच्या पूर्ण टेस्टला राखा. बॅक-ट्रान्सलेशन (कन्नड वाक्यं मशीनकडून उलट बोलीत आणणं) करून डेटा वाढवला तर ती वाक्यं फक्त ट्रेनिंगला. बेस म्हणून २०२३ चं इंडिकट्रान्स२ हे भारतीय भाषांचं तयार भाषांतर मॉडेल घ्या, मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही आहेत त्यात, शून्यातून सुरू करायची गरजच नाही. आणि नुसतं ब्ल्यू (BLEU, शब्द जुळवून भाषांतराला गुण देणारं माप) बघू नका, आपल्या दोन्ही भाषांत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, एक प्रत्यय चुकला की ब्ल्यू अख्खा शब्द चूक धरतं, सीएचआरएफ (chrF) हे दुसरं माप अक्षरांचे तुकडे मोजतं म्हणून तेही लावा, आणि टेस्टमधली थोडी वाक्यं त्याच गावच्या माणसाकडून वाचून घ्या.