चॅप्टर पुन्हा उघडण्याआधी माजी सदस्यांनी करायची तयारी

अमेरिकेत शिकताना तुम्ही फ्रॅटर्निटीत, म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या मुलांच्या विद्यार्थी संघटनेत असाल, तुमचा चॅप्टर, म्हणजे तुमच्या विद्यापीठातली तिची शाखा, मध्यंतरी बंद झाला असेल आणि आता तो पुन्हा उभा करायला मुख्यालयाने माजी सदस्यांना हाक दिली असेल, तर देणगीचा चेक लिहिण्याआधी एक कागद मागून घ्या: चॅप्टर बंद करताना विद्यापीठाने दिलेलं पत्र. आमचा चॅप्टर बंद झाला तेव्हाचं पत्र आमच्यापैकी कोणीच वाचलं नव्हतं. ‘एका पार्टीवरून झालं’ एवढंच सगळ्यांना ठाऊक. पत्रात होतं ते वेगळं. नव्या मुलांना रात्र रात्र जागवणं, दारू पाजणं आणि आधी दोनदा मिळालेली ताकीद. ते वाचल्यावर दोन दिवस मी कोणाला फोन केला नाही. त्यातल्या काही गोष्टी आमच्या वेळीही चालायच्या आणि आम्ही त्यांना परंपरा म्हणायचो.

म्हणून पहिली बैठक या पत्रावरच घ्या. आपल्या काळात काय काय चालायचं ते ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहावं आणि त्यातलं काय कायमचं बंद करायचं ते तिथेच ठरवावं. आपल्याकडे रॅगिंग म्हणतात, तिकडे हेझिंग. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २०१७ च्या फेब्रुवारीत टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीत प्रवेशाच्या रात्री पाजलेल्या दारूने जिन्यावरून कोसळला. घरात इतकी मुलं असूनही मदत बोलवायला सकाळ उजाडली. तो गेला. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने हेझिंगविरोधी कायदा कडक केला. २०२४ च्या डिसेंबरात तर केंद्रीय कायदाच आला आणि कोणत्या संघटनेने हेझिंग केलं हे विद्यापीठांना जाहीर करणं भाग पडलं. नव्या मुलांचे आईवडील आता तो अहवाल वाचून प्रश्न विचारतील. उत्तरं तयार ठेवा, आणि ती खरी असू द्या.

बंदी बहुधा चारेक वर्षांची असते, कारण त्या वेळची सगळी मुलं तोवर पदवी घेऊन बाहेर पडतात. म्हणजे चॅप्टर उघडतो तेव्हा आत जुनं कोणीच नसतं. जुनं काय होतं हे सांगणारे फक्त आपण उरतो. माझ्या मते सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. रंगवून सांगितलेला एखादा जुना किस्सा नव्या पोरांना नियमासारखा वाटतो.

सल्लागार मंडळात एकाच बॅचचे चार मित्र घेऊ नका. वेगवेगळ्या दशकांतली माणसं घ्या, विद्यापीठातले एखादे प्राध्यापक घ्या, आणि रात्री अकराला फोन आला तर अर्ध्या तासात घराच्या दारात उभा राहील असा एक तरी माणूस घ्याच. मी विमानाने पाच तास लांब राहतो. हिशोब मी बघू शकतो, दारात जाऊ शकत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण ते लवकर उरका. घर सहसा माजी सदस्यांच्या वेगळ्या हाऊस कॉर्पोरेशनच्या नावावर असतं. तिची राज्यातली नोंदणी चालू आहे का ते बघा. करखात्याकडे सलग तीन वर्षं विवरणपत्र गेलं नसेल तर करसवलत आपोआप रद्द होते. विम्याचं मुख्यालयाशी बोला. देणगीदारांना हेही स्पष्ट सांगा की करवजावट शैक्षणिक प्रतिष्ठानाला दिलेल्या पैशांवर मिळते, घराच्या गच्चीवर खर्च होणाऱ्या पैशांवर नाही.

घराकडे मात्र वेळ काढून बघा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, चॅपेल हिल इथे, १९९६ च्या मे महिन्यात, पदवीदानाच्या दिवशीच पहाटे, एका फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने अशा घरांना ते सक्तीचे केले. तेव्हा रंगरंगोटीआधी स्प्रिंकलर, वायरिंग, बाहेर पडायचे दोन रस्ते. बंदीच्या काळात घर भाड्याने दिलं असेल तर करार कधी संपतो ते पाहा. मुलं ऑगस्टमध्ये येतात, दुरुस्तीला उन्हाळ्याचे जेमतेम तीन महिने मिळतात.

सदस्य निवडणं आपलं काम नाही. सुरुवातीला मुख्यालयाची माणसं येऊन निवडतात, मग मुलंच मुलांना निवडतात. आपल्या भाच्यापुतण्याची शिफारस करायचा मोह मलाही झाला होता. आपण शिष्यवृत्ती द्यावी, नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घ्यावी, अभ्यासात मागे पडलेल्याला फोन करावा. न्यू जर्सीतल्या एका काकूंनी मला विचारलं, “अरे, हे हॉस्टेल की क्लब?” दोन्ही, आणि शिवाय जन्मभराचं नातं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचा मुलगा दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटीत जाणार होता. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात १९९४ मध्ये आयोटा न्यू डेल्टा आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये सिग्मा बीटा रो सुरू झाली. त्यांच्या पहिल्या पिढीचे माजी सदस्य आत्ता कुठे पन्नाशीला टेकताहेत. आपल्या मराठी पोरांपैकी जे त्यात असतील त्यांनी ही तयारी चॅप्टर बंद पडायची वाट न बघता करून ठेवावी.

दारूचं आपल्यापासूनच सुरू करा. १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय परवानाधारक विक्रेत्याशिवाय घरात नको, असा ठराव फ्रॅटर्निटींच्या उत्तर अमेरिकी परिषदेने २०१८ मध्ये केला. तो मोडतात ते बऱ्याचदा होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, गाडीच्या डिकीत बाटल्या घेऊन येणारे आपल्या वयाचे लोक. आमंत्रणपत्रातच तसं लिहा.

आणि कुलपं बदला. प्रत्येक बॅचमधला कोणीतरी आठवण म्हणून चावी घेऊन गेलेला असतो. माझ्याकडेही होती, बावीस वर्षं. परवा ती पाकिटात घालून कॉर्पोरेशनच्या खजिनदाराला पाठवली.