ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये टर्मिनल सिम्बॉल असोसिएट कसे करायचे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड, चिंचोळी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनलच्या कामाला नवीन लागलेल्या पोरांची ड्रॉइंग बघितली तर स्कीमॅटिक (सर्किटचं ड्रॉइंग) बरोबर असतं पण टर्मिनलचा (वायरी जोडायच्या ब्लॉकचा) आकडा फुगलेला असतो, कारण असोसिएट करायचं, म्हणजे एकाच टर्मिनलची वेगवेगळी सिम्बॉल सॉफ्टवेअरमध्ये एकत्र जोडायचं, राहिलेलं असतं.

टॉवेलच्या लूमवरचा तीन वायरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) घ्या. ब्राऊन प्लस २४ व्होल्ट, ब्लू झिरो व्होल्ट, ब्लॅक सिग्नल. ड्रॉइंगवर याची तीन टर्मिनल सिम्बॉल तीन वेगळ्या लाइनवर पडतात पण पॅनलमध्ये तिन्ही वायरी एकाच तीन लेव्हलच्या (तीन मजली) टर्मिनलवर येणार असतात, आणि हे आपण सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर ते तीन वेगळे टर्मिनल धरतं. सेन्सर २० असतील तर बीओएममध्ये (मालाच्या यादीत) २० च्या जागी ६० येतात, डिन रेल (टर्मिनल बसवायची पट्टी) पण त्या हिशोबाने लांबते.

आधी तिन्ही सिम्बॉलला स्ट्रिपचं (टर्मिनलच्या रांगेचं) नाव एकच द्या, उदा. टीबी१. मग त्यातल्या एकावर एडिट मारा, कॅटलॉग लुकअपमधून खरंच जो टर्मिनल मागवणार आहात तोच निवडा आणि ब्लॉक प्रॉपर्टीज उघडून लेव्हल ३ आहेत का बघा, नसतील तर भरा. ही पायरी बरेच जण सोडतात आणि मग असोसिएट होत नाही म्हणून डोकं धरून बसतात, पण लेव्हलच एक असेल तर बाकीची दोन बसणार कुठं?

आता स्कीमॅटिक टॅबमध्ये एडिट कंपोनंट्सच्या पॅनलवर असोसिएट टर्मिनल्स आहे ते घ्या, लेव्हल भरलेला टर्मिनल पहिला क्लिक करा (तो मास्टर), मग उरलेले दोन, एंटर. झालं.

सिम्बॉल दुसऱ्या शीटवर असेल तर हे चालत नाही, तिथं टर्मिनलच्या एडिट विंडोतच ॲड/मॉडिफाय बटण आहे, त्यात प्रोजेक्टमधले टर्मिनल दिसतात, हवा तो निवडून जोडायचा. प्रोजेक्ट ॲक्टिव्ह पाहिजे तेवढं बघा.

जोडून झालं की एडिट विंडोत कुठल्या लेव्हलवर कोण बसलंय ते वाचा आणि कंपनीच्या डेटाशीटशी ताडून बघा, कारण वायरमन ड्रॉइंगवर जे लिहिलंय तेच जोडणार, २४ व्होल्टच्या जागी सिग्नल गेला तर साइटवर शोधत बसावं लागतं.

आणि एक अगदी महत्त्वाचं, असोसिएट केलं म्हणजे टर्मिनल आतून शॉर्ट झाले असं नाही. असोसिएट म्हणजे फक्त एकाच ब्लॉकमध्ये बसवणं. करंट एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर न्यायचा असेल, म्हणजे सगळ्या सेन्सरचा झिरो कॉमन करायचा असेल, तर जंपर (दोन टर्मिनल जोडणारी पट्टी किंवा वायर) वेगळा द्यावा लागतो आणि तो खरोखर लावावा पण लागतो.

चुकीचा जोडला गेला तर डिलीट नका करू, एडिट विंडोत ब्रेक आउट आहे, त्याने तेवढाच सुटतो.