पासबुकातला कोड आणि माझा व्हिसा

इंग्लंडात तीस वर्षं नोकरी केली, ब्रिटिश पासपोर्ट घेतला आणि निवृत्तीनंतर थायलंडमधल्या चियांग माईत येऊन राहिलो. इथे राहण्याची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी दरमहा किमान 65,000 थाई बात परदेशातून आल्याचं दाखवायचं. पूर्वी ब्रिटिश दूतावास उत्पन्नाचं पत्र द्यायचा, 2019 पासून ते बंद.

पैसे मी नेमाने मागवत होतो. अर्जाआधी सहज चौकशीला गेलो, तर इमिग्रेशनच्या बाईंनी पासबुकावर बोट ठेवलं. तीन नोंदींवर देशांतर्गत व्यवहाराचा कोड! स्वस्त म्हणून निवडलेली सेवा थायलंडमधल्याच खात्यातून पैसे भरत होती.

नशीब, मुदतीला अडीच महिने होते. मासिक उत्पन्नाऐवजी बँकेतली ठेव दाखवलेलीही चालते, म्हणून बचत मोडून 8 लाख बात इथल्या खात्यात ठेवले. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, पुढेही 4 लाखांच्या खाली जायचं नाही. एवढी रक्कम अडकली की बोचतंच, त्यात थायलंडमध्ये राहणाऱ्यांची ब्रिटिश स्टेट पेन्शन वाढतही नाही. असो. अर्जाच्या दिवशी सकाळीच पासबुक भरून घेतलं, दुपारी शिक्का मिळाला.