पुण्याच्या तुळशीबागेत खरेदीला पहिल्यांदाच जाताय? मग या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की आमच्या घरी बाहेरगावची पाहुणेमंडळी उतरतात आणि पहिल्या चहालाच प्रश्न येतो, "तुळशीबाग किती वेळात उरकेल?" उरकायचीच असेल तर जायचं कशाला, हे अगदी ओठांवर येतं. पाहुणे आहेत म्हणून गिळते. गेली पंचवीस वर्षं यांच्या पिशव्या धरून लक्ष्मी रस्ता ते मंडई फिरतेय. माणसं बदलतात, चुका त्याच.

गाडी घेऊन जाणं, ही पहिली. सप्टेंबर 2024पासून मंडईला भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, सरकत्या जिन्यानं वर आलात की बाजारातच. तरीही "आपली स्कूटर बरी" म्हणत पार्किंगच्या सम-विषम तारखांच्या पाट्या वाचत तीन चकरा मारणाऱ्यांना मी आता समजावत नाही.

आता माझी दुखरी नस. फोनमधला फोटो दाखवून मॅचिंग घेणं.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. साडी मोरपिशी, काठ राणी कलरचा. बहीण म्हणाली, साडी कशाला मिरवायची, फोटो आहे की. दुकानात फोटो धरला, काउंटरवरच्या काकांनी ब्लाउजच्या टू बाय टू कापडाचे चार तागे फेकले, त्यातला एक हुबेहूब. अस्तर, फॉल, लेस, सगळं त्याच रंगावर घेतलं. वीस मिनिटांत काम झालं म्हणून बाई खूश. घरी येऊन गॅलरीत साडीवर कापड ठेवलं तर साडी मोरपिशी आणि कापड चक्क बाटलीहिरवं. कापून घेतलेलं कापड कोण परत घेणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वारी, यावेळी साडी घेऊन.

दोष दुकानदाराचा नव्हता. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीनं बदलतो, आणि दोन कापडं ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसली तरी उन्हात वेगळी निघू शकतात, कारण प्रत्येकाचा रंग वेगळा बनवलेला असतो. म्हणून साडीच न्यायची. तीही आख्खी उलगडायची नाही, काठ आणि अंगाचा रंग दोन्ही दिसतील एवढंच टोक पिशवीतून बाहेर काढायचं. आणि ताग्याचं टोक धरून दुकानाच्या पायरीपर्यंत यायचं. दुकानदाराला सवय असते, तो काही म्हणत नाही. लाज आपल्यालाच वाटते. मी तर जुन्या साड्यांच्या ब्लाउजपीसची नखाएवढी कात्रणं एका डायरीत टाचून ठेवली आहेत. घरचे हसतात. हसोत.

दुसरा लाडका गुन्हा, जड वस्तू आधी घेणं. एकदा सकाळी साडेदहालाच मला पितळेची समई आवडली. जोडी घेतली. "नंतर संपेल" ही भीती, दुसरं काय. मग बोहरी आळीत बटणं, पुढे रविवार पेठेत मोत्यांच्या माळा, परत मंडईत भाजी, आणि खांद्यावर ती जोडी. दुपारपर्यंत पिशवीचा बंद बोटांत रुतून लाल वळ उठले होते. शेवटी तुळशीबागेतल्या राम मंदिराच्या आवारात जाऊन टेकले. नारो आप्पाजी खिऱ्यांनी 1761 साली या देवळाचं काम सुरू केलं. माझ्यासारख्या हमालांची सोय त्यांच्या मनात नसणार, पण बाजाराच्या कलकलाटात तिथली सावली अजून मिळते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: आधी टिकल्या-पिना-बांगड्या, मग कापड, मग भांडी, आणि घरी निघताना भाजी. समया कुठे पळून जात नाहीत.

खाण्यातली चूक म्हणजे सकाळीच पोट भरणं. उतरल्या उतरल्या आख्खी मिसळ, वर दोनदा रस्सा, स्लाइस संपेपर्यंत. मग बाराला डोळे मिटायला लागतात आणि पाणीपुरीच्या गाडीपाशी ही मंडळी नुसती बघत उभी. मी मिसळ दोघींत एक सांगते. तासाभरानं दाबेली, मग उसाचा रस, मग भेळ, तीही वाटून. पंधरा ठिकाणांची यादी फोनवर आणून सगळीकडे फोटो काढत पळणाऱ्यांना एकाही पदार्थाची चव आठवत नाही, हे मी विचारून बघितलंय.

घासाघीस वाटेल तिथे करू नका. लक्ष्मी रस्त्यावरच्या "एकच भाव" पाटीखाली ती करणाऱ्या माझ्या नणंदेकडे काउंटरवरच्या माणसानं जसं पाहिलं, तसं अजून कोणी पाहिलेलं नाही. तुळशीबागेतल्या स्टॉलवर खुशाल करा, पण वस्तू हातात घट्ट धरून नको. हाताकडे बघूनच त्याला कळतं की तुम्ही घेणार.

काही जुनी दुकानं दुपारी एक ते चार मिटतात, त्यावरचे विनोद तिथेच शटरसमोर उभं राहून सांगू नका. ती वेळ बसायची. मंडईच्या जुन्या दगडी इमारतीकडे मान वर करून बघा तेवढ्यात. 1886 साली ती रे मार्केट म्हणून उघडली. ती बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि आज नाव त्यांचंच आहे.

गणपतीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी जाऊ नका. कारण विचारू नका.

आणि मस्तानी बांधून नेऊ नका. वरचा आईस्क्रीमचा गोळा आधी चमच्यानं खायचा आणि मग खालचं घट्ट दूध प्यायचं, हा क्रम तिथे खुर्चीवर बसूनच जमतो. मागच्या दिवाळीत एका पाहुण्यांनी घाई म्हणून चार पार्सल घेतली. घरी मी ती गोड दुधाच्या पातेल्यात ओतली आणि दुसऱ्या दिवशी त्याची शेवयांची खीर केली.