पावसाआधी घर हलकं करताना

गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची मिरची आणि सोलं (आमसुलं) उन्हात पडतात, तेव्हाच माळा आणि ट्रंका उघडाव्यात. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या गाद्या, कपडे, पुस्तकं बुरशी धरतात, आणि काळे ठिपके पडलेलं कापड कुणी फुकटही नेत नाही. आज देण्याजोगी असलेली वस्तू गणपतीपर्यंत फेकण्याजोगी होते.

'वर्षभर वापरलं नाही ते काढा' हा नियम गोव्यात चालत नाही. माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट, मोठी पातेली, जादा पाट वर्षातून मोजके दिवसच निघतात, पण निघतात. त्यापेक्षा मागच्या दोन चतुर्थ्या आठवा. दोन्ही वेळा जे खाली उतरलं नाही, ते जाऊ द्या. ताटं माणसांच्या हिशेबानं ठेवा: पंधराजण जमत असतील तर अठरा पुरतात, चाळीस कशाला? घर सामायिक असेल तर आधी भावंडांना फोटो पाठवून विचारा. परस्पर विकलेला हंडा पुढची वीस वर्षं भांडणात निघत राहतो.

सुरुवात माळ्यापासून करा, कपड्यांच्या कपाटापासून नको. साडी हातात घेतली की तासभर आठवणीत जातो. फुटक्या बादलीचं तसं नसतं. एका बैठकीत एकच कोपरा, फार तर दोन तास. ठरत नसेल ते एका खोक्यात घालून वर तारीख लिहा. मात्र आत जाणारी वस्तू आधी चार-पाच तास कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच ठेवा. गरम असतानाच झाकण लावलं तर आत दमटपणा कोंडतो. खोका जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

कागदांना मात्र घाई नको. पोर्तुगीज किंवा मोडी वाचता येत नाही म्हणून जुनं बाड रद्दीत घालू नका. त्यात 1961पूर्वीचं विक्रीखत किंवा वाटणीपत्र असू शकतं, आणि जमिनीच्या वादात तोच कागद शोधत फिरावं लागतं. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची नक्कल, पुन्हा काढता येतो. घरातल्या मूळ दस्ताचं तसं नाही. गंजलेल्या टाचण्या काढा, कसर मऊ ब्रशनं सावलीत झाडा, फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका; तापलेलं प्लॅस्टिक चिकटलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. जाणकाराकडून वाचून घेईपर्यंत सगळं एकत्र ठेवा.

भंगारवाल्याला बोलावण्याआधी धातू वेगळे करा. लोहचुंबक पितळेला, तांब्याला चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. सगळं एकाच पोत्यात दिलं की भाव लोखंडाचा मिळतो. बंद पडलेल्या मिक्सरच्या मोटरीत सहसा तांब्याची तार असते, म्हणून तो वेगळा दाखवा. तांब्यासाठी वायर जाळू नका. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

जुना मोबाईल देताना खात्यातून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग फोन रीसेट करा. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगलाही लावू नका. भंगारात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. तोपर्यंत फोन कागद-कापडापासून दूर, पत्र्याच्या डब्यात ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका.