आर्केड कॅबिनेटचं पॅनेल: दुसऱ्यांदा केलं तेव्हा जमलं

सोलापुरात घरीच बांधलेल्या आर्केड कॅबिनेटचं, म्हणजे उभं राहून व्हिडिओ गेम खेळायच्या कपाटाचं पॅनेल (जॉयस्टिक आणि बटणं बसवायची फळी) मला दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा १८ मिमी प्लायला खालून सरळ जॉयस्टिक कसली. दांडा वर इतका थोडा आला की मुलीच्या मुठीत बसेना. ३० मिमीची खटक्याची (दाबून अडकवायची) बटणंही निसटायची. ते खटके पातळ पत्र्यासाठी असतात, जाड लाकूड धरत नाहीत.

गल्लीतले सुतारकाका म्हणाले, "फळी खालून कोरा की!" नव्या फळीला राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) जॉयस्टिकच्या प्लेटएवढा खळगा केला, वर ६ मिमी ठेवलं. बटणं लांब मानेची, नटाने आवळायची घेतली. त्यांना २८ मिमीचं भोक पुरतं. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वरून चालवला, मधलं टोक खाली दिसताच फळी उलटून उरलेलं खालून कापलं. कड जराही उडाली नाही. खाली घडी घातलेली सोलापुरी चादर होती, त्यामुळे पॉलिशला ओरखडा नाही.

आधी पॅनेल प्लायच्या कडेत स्क्रूने ठोकलं होतं. वायर बघायला दर वेळी उघडून भोकं सैल झाली. आता पुढच्या कडेला पियानो बिजागरी (लांब, सलग पट्टीची), मागे आतून दोन कड्या. मागच्या दारातून हात घालून उघडतात. वायरींना वीतभर ढील नक्की ठेवा, नाहीतर पॅनेल पुढे पाडताना जोड उपटतात.