मूल मागे का पडते: कारणांचा शोध कसा घ्यावा

मूल वेळेवर बसत नाही, बोलत नाही किंवा तिसरीत जाऊनही वाचत नाही, हे लक्षात आले की घरात कारणांची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ती ‘आईने ग्रहण पाळले नाही’ येथे येऊन थांबते. काही घरांत ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. कारण खरोखर शोधायचे असेल, तर मुलाचा इतिहास गर्भारपणापासून आजपर्यंत क्रमाने एका वहीत लिहून काढावा. बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष तपासणीइतकाच या इतिहासाचा आधार असतो आणि ओपीडीच्या गर्दीत तो सगळा आठवून सांगणे कोणालाच जमत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड आणि जुने रिपोर्ट त्याच वहीत ठेवावेत.

वहीच्या पहिल्या पानावर नेमका उशीर कशात आहे ते लिहावे. सर्वसाधारणपणे मूल चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसते, दीड वर्षापर्यंत चालू लागते व सुटे शब्द बोलते, आणि दोन वर्षांचे होईतो दोन शब्द जोडते. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना पूर्ण चाळीस आठवड्यांच्या मानाने जितके आठवडे ते लवकर आले तितके वजा करावेत. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत करतात. उशीर फक्त बोलण्यात आहे की चालणे, बोलणे, समजणे अशा सर्वच बाबतींत आहे, हेही नोंदवावे. जमत असलेली गोष्ट मूल विसरू लागले असेल, म्हणजे बसणारे बसेनासे किंवा बोलणारे बोलेनासे झाले असेल, तर पुढचे काही लिहीत न बसता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतर कुळाची आणि गर्भारपणाची माहिती येते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. जवळच्या नात्यात एकच सदोष जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते आणि ते दोन्हीकडून आले तर काही आनुवंशिक आजार बाळात प्रकट होतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात जन्मजात दोषांची जोखीम साधारण दुप्पट होते. तरीही अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात, म्हणून नाते लपवू नये आणि त्यावरून कोणाला दोषही देऊ नये. डाउन सिंड्रोमचा नातेसंबंधाशी संबंध नाही. तो गुणसूत्रांतील बदल आहे, तो कोणत्याही घरात होऊ शकतो आणि आईचे वय वाढत जाते तशी त्याची शक्यता वाढते. गर्भारपणी रुबेलासारखा संसर्ग, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, आयोडीनची कमतरता किंवा मद्यपान झाले असल्यास ते स्पष्ट लिहावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी कोयत्यावर जाणाऱ्या अनेक स्त्रियांना गर्भारपणाचे महिने फडात, ओझी वाहत आणि तपासणीविना काढावे लागतात. लोहाच्या गोळ्या, लसी आणि वजनाच्या नोंदी नेमक्या याच काळात सुटतात. त्यामुळे कार्डावरील रिकामे रकानेसुद्धा डॉक्टरांना काही सांगून जातात.

प्रसूतीविषयी तीन गोष्टी आठवाव्यात: बाळ लगेच रडले का, वजन किती होते आणि त्याला काचेत ठेवावे लागले का. जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडणे, अडीच किलोपेक्षा बरेच कमी वजन, फार लवकर जन्म, रक्तातील साखर उतरणे, झटके येणे किंवा मेंदूज्वर होणे ही पुढील विलंबाची महत्त्वाची कारणे आहेत. मात्र उशिरा रडलेल्या प्रत्येक मुलाला त्रास होतोच असे नाही. काविळीबद्दल विशेष सावध राहावे. नवजात बाळाची साधी कावीळ आपोआप उतरते. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर कोवळ्या उन्हात धरणे हा त्यावर उपचार नव्हे. अशी कावीळ मेंदूत उतरली तर शरीराच्या हालचाली आणि श्रवण कायमचे बिघडू शकते.

उपचार होऊ शकतात अशी कारणे सर्वांत आधी तपासून घ्यावीत, आणि येथे घाई करणे योग्यच आहे. पहिले कारण म्हणजे श्रवणदोष. दार वाजले की मूल वळून पाहते एवढ्यावरून त्याला ऐकू येते असे ठरत नाही, कारण काही आवाज ऐकू येऊनही बोलण्यातील बारीक ध्वनी निसटत असतात. म्हणून बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची बेरा (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे यंत्राने पाहणारी) किंवा तत्सम तपासणी करावी. दुसरे कारण जन्मजात थायरॉइडची कमतरता हे आहे. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाल्यास मेंदूची हानी बहुतांशी टळते; उशीर होत गेला तसे झालेले नुकसान भरून निघत नाही. तिसरे कारण ब-12 जीवनसत्त्वाचे. माळकरी घरातील आईच्या आहारात दूध-दहीही बेताचे असेल आणि मूल सहा महिन्यांनंतरही केवळ अंगावरच पीत असेल, तर ते सुस्त होते, हसेनासे होते, केस विरळ व भुरे होतात, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते आणि कधी हातपाय थरथरू लागतात. वेळेवर ओळखले तर इंजेक्शनांनी यात लक्षणीय सुधारणा होते. लोहाची कमतरता आणि नजरेचा दोष हेही याच यादीतले. दिवसभर हातात मोबाइल आणि बोलायला कोणी नाही, अशी स्थिती असेल तर तीही प्रामाणिकपणे लिहावी. लसीमुळे मूल स्वमग्न होते ही समजूत मात्र खोटी ठरली आहे.

शाळेतील मुलाचा प्रश्न वेगळा असतो. बुद्धी सर्वसाधारण, बोलणे चांगले, तोंडी उत्तरे बरोबर. पण वाचताना मात्रा गळतात, जोडाक्षरे अडतात, भ-म किंवा घ-ध यांची गल्लत तिसरी-चौथीतही सुटत नाही, तेव्हा विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता असते. तिचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते, ती अनेकदा घराण्यात चालते आणि एमआरआयमध्ये दिसत नाही, म्हणून त्यासाठी महागड्या स्कॅनवर पैसे घालवू नयेत. शिक्का मारण्यापूर्वी इतर कारणे वगळावीत. ऊसतोडीच्या हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आई-वडिलांबरोबर फिरणाऱ्या मुलाची निम्मी शाळा बुडालेली असते. बंजारा तांड्यावरील मूल घरी गोरमाटी ही आपली बोली बोलते आणि पहिलीत त्याच्यापुढे एकदम मराठी येते. चष्म्याची गरज कोणाच्याच लक्षात आलेली नसते. माझ्या मते मराठवाड्यातील शिक्षकांनी ‘मंद’ हा शब्द उच्चारण्याआधी हजेरीपट आणि घरची भाषा या दोन गोष्टी पाहायलाच हव्यात.

ही वही घेऊन प्रथम अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे जावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय शाळेत एकदा तपासणी करतात आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पुढील तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय येथे पाठवले जाऊ शकते. अनेक मुलांमध्ये सर्व तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. म्हणून फिजिओथेरपी, वाचा-उपचार किंवा विशेष शिक्षण रिपोर्ट येईपर्यंत थांबवून ठेवू नये. कारण आनुवंशिक निघाले, तर पुढच्या गर्भधारणेआधी आनुवंशिकता-समुपदेशन घ्यावे. विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांमध्ये मोडते. तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळते आणि परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिकासाठी ते शाळेत द्यावे लागते, तेव्हा दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता अर्ज पाचवी-सहावीतच करावा.